अकरा नंबरची नळी

सतरा नळ्यांपैकी मी तीनच तपासल्या होत्या, आणि कागदावर मात्र सतराही लिहिल्या होत्या. हे आधीच सांगून टाकते. आडवळणं घेत सांगायला बसले तर मी माझी बाजू इतकी गोड मांडीन की तुम्हाला माझी दया येईल, आणि ती मला नको आहे.

माझं काम अग्निशमन केंद्रं तपासण्याचं. घंटा झाल्यापासून बंब किती सेकंदांत फाटकाबाहेर पडतो, शिडीच्या पायऱ्या डुगडुगतात का, धुरात घालायच्या मुखवट्यांच्या सिलिंडरमध्ये हवा पुरेशी आहे का, हेल्मेटचे पट्टे धड आहेत का, हे सगळं बघायचं आणि कागदावर मांडायचं. केंद्रांवरची माणसं आम्हा तपासनिसांना पाठीमागे 'सासूबाई' म्हणतात. 'सासूबाई यायच्यात, पितळ घासा रे!' मी खात्यातली वयानं सगळ्यात लहान सासूबाई.

तपासणीत सगळ्यात वेळखाऊ काम नळ्यांचं. बंबाचं पाणी आगीपर्यंत नेणाऱ्या त्या लांबलचक कापडी नळ्या. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना धातूची जोडणी असते, तारेनं आवळून बसवलेली. तीन-तीन नळ्या अंगणात अंथरायच्या, पाणी भरायचं, जोडणीला अगदी लागून नळीवर पेनानं रेघ मारायची, मग पंपाचा दाब चढवायचा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं थांबायचं. दाब उतरल्यावर रेघ जोडणीला चिकटूनच असली तर नळी पास. केसभर जरी लांब सरकली असली तर जोडणीची पकड सुटत चाललीय. ती नळी आगीवर न्यायची नाही. पोरखेळ वाटावा इतकी साधी युक्ती. पण अंथरणं, भरणं, रिकामं करणं धरून सतरा नळ्यांना दोन-अडीच तास सहज जातात.

त्या दिवशी माझ्याकडे दोन-अडीच तास नव्हते. लेक चार महिन्यांची होती आणि कामावर रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. सकाळी निघताना ती झोपेत ओठ हलवत होती, स्वप्नात पीत असल्यासारखी. दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर तेवढंच. दुपारी पहिल्या तीन नळ्यांचा दाब उतरला, मी रेघा बघायला वाकले आणि कुठल्या तरी शेजारच्या घरात एक मूल रडलं. माझं नव्हतं, कुणाचं तरी होतं. पण अंगाला काय कळतंय? पान्हा फुटला. कुर्ता दोन्हीकडून भिजला. मी कागदांचा पॅड छातीशी धरून उभी राहिले, शाळेत दप्तर धरतात तशी.

केंद्रप्रमुखांना सगळे मामा म्हणतात. निवृत्तीला आलेले, मिशा पिकलेल्या, त्या दिवशी स्वतःच पंपावर उभे होते, कारण पंपाचा नेहमीचा माणूस रजेवर होता. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि लगेच मान फिरवून जवानांवर ओरडले, "अरे, इथं काय जत्रा आहे का? मागच्या बाजूला जा, शिड्या उतरवून पुसा!" अंगण रिकामं झालं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मॅडम, मला तीन मुली आहेत. तिघींची बाळंतपणं आमच्याच घरी झाली. तुम्ही निघा. उरलेल्या चौदा आम्ही उद्या सकाळी करून घेतो आणि आकडे फोनवर कळवतो."

"नक्की ना, मामा?"

"सासूबाईंना फसवून जाणार कुठं?" म्हणाले, आणि जीभ चावली. मला इतक्या अवघडलेल्या अवस्थेतही हसू आलं.

इथवर कुणाचंच काही चुकलं नव्हतं. चुकलं ते परतताना जीपमध्ये. चौदा रिकामे रकाने माझ्याकडे बघत होते. उद्या आकडे येणार, परवा ते भरायचे, तेरवा पाठवायचे. तोवर माझी पोर, तिचं दूध, तिच्या लसीची तारीख, ऑफिसातल्या बायकांचं 'आली बाई एकदाची कामावर'. मी विचार केला, नळ्या सगळ्या एकाच वेळी घेतलेल्या, तीन पास झाल्यात, बाकीच्या काय वेगळं करणार? काही वेगळं निघालं तर फोन येईलच, तेव्हा सुधारू. आणि चौदा वेळा तोच आकडा लिहिला. पास, पास, पास. सही केली. घरी जाऊन लेकीला कुशीत घेतलं तेव्हा मी त्या दिवसाचं सगळं काम संपवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या केंद्राला एका गोदामाच्या आगीची वर्दी आली, ती दीड दिवस चालली. तिसऱ्या दिवशी माझा कागद त्यांच्या हातात पडला, शिक्क्यासकट: सतरा नळ्या पास. त्यांना वाटलं, मॅडमनी आपल्या अधिकारात पास केल्यात, आता कशाला पुन्हा सगळं अंथरा? मला वाटलं, फोन नाही म्हणजे सगळं ठीक. ते माझ्या सहीवर विसंबले आणि मी त्यांच्या गप्प बसण्यावर. जवानांना यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. वरिष्ठांचे कागद कोण वाचतं?

सात महिन्यांनी एका गाद्यांच्या कारखान्याला आग लागली. दाब चढल्याबरोबर अकरा नंबरच्या नळीची जोडणी निसटली. सुटलेलं धातूचं टोक उसळलं आणि पुढे नळी धरून उभ्या असलेल्या जवानाच्या जबड्यावर बसलं. जबडा दोन जागी मोडला. दुसरी नळी जोडेपर्यंत कारखान्याचं छप्पर खाली आलं. आत कुणी नव्हतं, एवढंच नशीब.

चौकशीत सरळ हिशेब मांडला गेला. नळी तर पास होती, कागद आहे. मग चूक पंपावरच्या माणसाची. त्यानं दाब एकदम चढवला असणार.

पंपावरच्या त्या माणसाला केंद्रात 'काटेराव' म्हणतात, कारण दाबाच्या काट्यावरून त्याची नजर हलत नाही. भूकंप झाला तरी आधी काटा बघेल म्हणतात. आणि ज्याचा जबडा मोडला तो त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा. दाजी.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. "तुझीच तपासणी होती ती. तूच जाऊन उरलेल्या नळ्या एकदा बघून ये, आणि साहित्य चांगलं होतं एवढं दोन ओळींत लिही. म्हणजे त्या माणसाला पंपावरून कायमचं काढून विषय मिटवता येईल."

"हो सर," मी म्हटलं. त्यानंतर नऊ दिवस मी काही ना काही निमित्त काढून गेलेच नाही. लेकीला सर्दी झाली तेव्हा मला चक्क बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.

दहाव्या दिवशी गेले. पंपाला हात लावायची काटेरावांना मनाई होती, म्हणून ते नळ्या उलगडायला आणि गुंडाळायला उभे होते. तिशी-पस्तिशीचा, रुंद पंजांचा माणूस. पहिल्या नळ्यांत पाणी भरत होतं तेव्हा जवळ आले.

"मॅडम, एक बोलू का?"

"बोला ना."

"माझ्यामुळे तुमच्या कागदाला उगाच डाग लागला. चौकशीत सारखं विचारत होते, नळी खरंच पास होती का, पास होती का. मी सांगितलं, मॅडमनी स्वतः रेघा मारल्यात, नळीला दोष देऊ नका." त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "माझाच हात जड पडला असेल. मला आठवत नाही तसं. काटा सावकाश चढत होता असंच आठवतंय. पण माणसाला आपल्या सोयीचंच आठवतं, नाही का?"

मी घड्याळाकडे बघत राहिले, पाच मिनिटं अजून सुरूही झाली नव्हती तरी.

त्या दिवशी मी सोळाच्या सोळा नळ्या तपासल्या. अंथरा, भरा, रेघ, दाब, पाच मिनिटं. संध्याकाळ होत आली. चार नळ्यांच्या रेघा सरकल्या. एकीची तर बोटभर. काटेराव गुडघ्यांवर बसून एकेक जोडणी निरखत होते.

"चार? सात महिन्यांत चार सैल झाल्या?" मग त्यांनी दुसरीच एक नळी उचलली. "आणि मॅडम, हे बघा. तुमची मागची रेघ एक, दोन आणि तीन नंबरवर आहे. बाकी कुणावरच नाही. कशी काय?"

अंगणात आणखी दोन जवान होते. मामा दारात उभे होते. तिघांनीही माझ्याकडे पाहिलं, मामांनी जरा उशिरा.

"पुसली असेल," मी म्हटलं. "पाण्यानं."

"हां. पाण्यानंच," काटेराव लगेच म्हणाले, जणू मीच अडचणीत होते आणि त्यांनी मला हात दिला.

ते पेन पाण्यानं पुसलं जात नाही. म्हणून तर ते वापरतात. त्यांच्या खिशातही तेच होतं.

मामांनी मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वर्दीच्या वेळांचा फळा. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"मॅडम, फोन मी करायचा होता. राहिला. ते पाप माझं."

"सही माझी आहे, मामा."

"म्हणजे दोघांचं. पण बघा, माझे चार महिने राहिलेत. तुमची तर सगळी नोकरी पुढे आहे, पदरात लेकरू आहे. आणि त्याचं काय, पंपावरून शिडीवर जाईल. नोकरी थोडीच जातेय? वर्षभरात लोक विसरतील."

"आणि त्यांची बहीण?"

मामांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. "ती त्याच्याशी बोलत नाही म्हणतात."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"रोज सकाळी ठरवतो," मामा म्हणाले. "हजेरी घेताना त्याचं नाव येतं, तो 'हजर' म्हणतो, आणि मी पुढच्या नावावर जातो."

त्यांच्यावर रागवावं असं फार वाटलं. पण रागवायला माणूस निदान एक पायरी तरी वर उभा असावा लागतो. सरकलेल्या चार नळ्या मी माझ्यासमोर बंबावरून उतरवून घेतल्या, त्यांना लाल चिठ्ठ्या बांधल्या आणि घरी आले.

घरी नवरा लेकीला भरवत होता. भात तिच्या केसांत, त्याच्या कानात, जमिनीवर. पोटात किती गेला देव जाणे. मी दारातच बसले आणि सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "अगं, सगळेच करतात असं. दहा तपासायच्या नि पन्नास लिहायच्या. तू काय मुद्दाम केलंस का?"

"नाही रे. मुद्दाम केलं असतं तर निदान विचार तरी केला असता."

"मग आता?"

"त्यांनी आज माझी माफी मागितली. काटेरावांनी. माझ्या कागदाला डाग लागला म्हणून."

तो थांबला. लेकीनं चमचा हिसकावून माझ्या दिशेनं धरला, आई घे, अशा अर्थानं. रिकामाच होता. मी तोंड उघडून घेतला. काय करणार?

"उद्या मी सोबत येतो," नवरा म्हणाला. "कुठं जायचं ते तू ठरव."

सकाळी आधी ऑफिसात गेले आणि साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला: तपासलेल्या नळ्या तीन, न तपासता पास केलेल्या चौदा, पंपचालकाची चूक असल्याचा कोणताही पुरावा नाही. पहिल्याच ओळीवर साहेबांची मान वर आली. "हे असं लेखी देतं का कुणी? जरा शांतपणे विचार करून—" मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. थांबले असते तर त्यांनी मला समजावलं असतं, आणि मला समजलंही असतं.

मग काटेरावांच्या बहिणीचं घर. दुसरा मजला. नवऱ्याला म्हटलं, तू हिला घेऊन खालीच थांब. तो म्हणाला, ऊन आहे गं. मी म्हटलं, सावली शोध.

दार बहिणीनंच उघडलं. आत खाटेवर तिचा नवरा उशीला टेकून बसला होता. जबडा तारांनी बांधलेला, हातात पेला, पेल्यात नळी. मांडीवर मुलांची असते तशी पाटी. बोलता येत नव्हतं, तो पाटीवर लिहायचा.

"मी तपासनीस," मी म्हटलं. "नळ्या तपासते ती." आणि उभ्या उभ्याच सांगितलं. मनात जमवून आणलेली वाक्यं जिन्यातच सांडली होती. "तुमच्या भावाचा हात जड पडला नव्हता. नळी खराब होती. ती मी तपासलीच नव्हती, आणि तपासली असं लिहिलं."

बहिणीनं खुर्ची ओढली आणि आधी स्वतः बसली.

"वीस दिवस," ती म्हणाली. "वीस दिवस माझा भाऊ दारात फळं ठेवून जातोय. मी दार उघडत नाही. तो जिन्यात बसतो अर्धा-पाऊण तास. मी या भोकातून बघत असते, कधी जातोय म्हणून. एकदा मी आतूनच म्हणाले, नवऱ्याचं तोंड फोडलंस, आता बहिणीचं बघायला आलास का?" तिनं पदर तोंडावर दाबला. "आता सांगा, मी कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्यापुढे? तुमचं बरं आहे. तुम्ही सांगून मोकळ्या झालात."

खालून रडणं ऐकू आलं. ऊन लागलं असेल, नाहीतर भूक. माझे पाय आपोआप दाराकडे वळले आणि मी ते थांबवले.

"कुणाचं आहे?" तिनं विचारलं.

"माझं. खाली आहे, नवऱ्याजवळ."

"मग वर का नाही आणलंत?" ती माझ्याकडे बघत होती. बायकांना असलं लवकर कळतं. "मुद्दामच नाही आणलंत?"

"हो."

"बरं केलंत. लेकरू कडेवर असतं तर मला ओरडता आलं नसतं." पण ती ओरडली नाही. नुसती बसून राहिली. मी उभी होते, आणि ती ओरडली असती तर किती बरं झालं असतं असं मला वाटत होतं. "भावाला मीच सांगते. तुम्ही नका सांगू. तुमच्या तोंडून कळलं तर तो तुम्हालाच पाणी विचारत बसेल."

खाटेवर पाटी वाजली. तिच्या नवऱ्यानं पेन्सिल आपटली होती. पाटी माझ्याकडे वळवलेली: *बाकीच्या नळ्या?*

"काल सगळ्या तपासल्या. चार सैल निघाल्या. बंबावरून उतरवल्यात."

त्यानं मान हलवली. तळहातानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहू लागला. अक्षर मोठं होतं, सावकाश. मला वाटलं आता माझ्याबद्दल काहीतरी असेल. शिवी असेल, किंवा माफी. दोन्हींसाठी मी तयार होते. घरून तयार होऊनच निघाले होते.

त्यानं पाटी वळवली. *त्या आठवड्यात आणखी कुठं गेला होतात?*

मी वाचलं. पुन्हा वाचलं. इतके दिवस मी माझ्या लाजेला न्हाऊ-माखू घालत बसले होते, तिला कडेवर घेऊन फिरत होते, आणि हा साधा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

"दोन ठिकाणी," मी म्हटलं.

*तिथं?*

"आठवत नाही." खरंच आठवत नव्हतं. कुठली अंथरली, कुठली नाही, कुठल्या जीपमध्ये काय लिहिलं. तो आठवडा नुसता दुधाच्या वासाचा होता. "बहुतेक... तिथंही सगळ्या नाही."

बहीण उठून उभी राहिली होती. तिच्या नवऱ्यानं पाटी खाली ठेवली आणि हातानं दाराकडे दाखवलं. रागानं नाही. आगीवर पुढचा माणूस मागच्याला दाखवतो तसं: निघ, पळ.

मी जिना कसा उतरले ते सांगता येणार नाही. नवऱ्याच्या हातातून लेकीला घेतलं, तिनं लगेच कुर्त्याची गुंडी तोंडात धरली. रस्त्याच्या कडेला उभी राहून त्या दोनांतल्या पहिल्या केंद्राला फोन लावला.

"नमस्कार मॅडम! कसं आहे बाळ?" पलीकडचे केंद्रप्रमुख खुशीत होते. "तुमचं प्रमाणपत्र आम्ही चौकटीत लावलंय, पाहुण्यांना दाखवतो."

"तुमच्या सगळ्या नळ्या बंबावरून उतरवा," मी म्हटलं. "आत्ता. मी त्या पूर्ण तपासल्या नव्हत्या. मी तिकडे येईपर्यंत वर्दी आली तर शेजारच्या केंद्राच्या नळ्या मागवा."

ते हसले. "सासूबाई आज थट्टेच्या मूडमध्ये दिसतायत."

रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता, लेक रडत होती, थांब्यावर उभी असलेली माणसं वळून बघायला लागली होती. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी त्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.